द्वारकाताईंचा स्ट्रीमर

घरातल्या वस्तू आपसांत बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

मिरजेच्या द्वारकाताईंकडे त्यांच्या लेकीने गाणी लावणारा नवा स्ट्रीमर आणला आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिला. "माझ्याकडे कोटभर गाणी आहेत," असं ऐटीत सांगून तो गाणी लावत सुटला. एक संपतं न संपतं तोच दुसरं सुरू! आठवडाभरात द्वारकाताई वैतागल्या. लेकीला फोनवर म्हणाल्या, "हा परत घेऊन जा बाई. डोकं उठलं माझं."

स्ट्रीमर घाबरला. "दादा, माझं काय चुकलं?"

"अरे, तू त्यांना इतकं ऐकवतोस," अ‍ॅम्प्लिफायर मायेने म्हणाला, "त्यांचं कधी ऐकलंस का?"

त्या दिवशी स्ट्रीमर गप्प राहिला. घर शांत झालं, तशा द्वारकाताई भाजी निवडताना गुणगुणू लागल्या. त्यांची आई जात्यावर म्हणायची ती ओवी होती, पण पुढचे शब्द त्यांना आठवेनात. स्ट्रीमरने साऱ्या गाण्यांतून ती ओवी शोधून काढली आणि अ‍ॅम्प्लिफायरने हलक्या आवाजात ऐकवली. द्वारकाताईंचे हात थांबले. डोळे भरून आले.

ओवी संपली. पुढचं गाणं ओठांवर आलं होतं, तरी स्ट्रीमर थांबला.

"पुन्हा लाव रे, बाळा," द्वारकाताई म्हणाल्या.

तो घरात आल्यापासून त्या पहिल्यांदाच त्याच्याशी बोलल्या होत्या.