शास्त्रीबुवांची चोर ओळखणारी पेटी

राजा उदाजीने चोर पकडायला यंत्र करवून घेतलं आणि त्या यंत्राने पहिल्याच दिवशी चिमा बुरडिणीच्या भावाला धरलं.

झालं असं की राणीचा हार चोरीला गेला. कोतवालाला पायी हिंडून तपास करायचा भारी कंटाळा. त्याने आधीच राजाला पटवलं होतं की यापुढे बंदोबस्तसुद्धा शास्त्रानेच व्हायला हवा. त्यासाठी नीळकंठशास्त्र्यांनी दोन वर्षं खपून, तुरुंगातले तीनशे कैदी भिंगातून न्याहाळून, एक पितळी पेटी घडवली होती. समोर चोर आला की तिची घंटा वाजते म्हणे. हार गेला तशी ती वेशीत मांडली. चिमाचा भाऊ सटवाजी डोकं भादरून वेशीतून आत आला आणि घंटा वाजली. उद्या त्याचा हात तोडायचं ठरलं.

चिमा तडक दरबारात गेली. हार गेला तेव्हा भाऊ नदीवर बापाचं दहावं करत होता, साऱ्या आळीने पाहिलंय, असं तिने सांगितलं. माणसं खोटं बोलतात, यंत्र बोलत नाही, असं कोतवालाचं उत्तर. राजाने फर्मावलं, की दिवस मावळायच्या आत यंत्राच्याच तोंडून चूक कबूल करून घे. यंत्राला तोंड कुठंय, हे दरबारातल्या एकाही पांढऱ्या मिशीवाल्याने विचारलं नाही. सगळे माना डोलवत बसले.

चिमा शास्त्र्यांकडे वळली. "बुवा, कैदी पाहिलेत तेव्हा त्यांच्या डोक्यावर पागोटी होती?"

"कैद्याला कसलं पागोटं? न्हावी दर आठवड्याला त्यांचा गोटा करतो."

"मग तुम्हीही पागोटं काढा आणि पेटीसमोर उभे राहा."

शास्त्री संतापले, पण राजाला गंमत वाटली. त्याने खूण केली. पागोटं उतरलं. खाली गुळगुळीत डोकं आणि बोटभर शेंडी. घंटा अशी घणघणली की छतावरची कबुतरं उडाली.

"यंत्र खरं असेल, तर हार कुठे ठेवलाय ते सांगा," चिमा म्हणाली.

शास्त्र्यांनी घाईघाईने पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं. "चुकलंय ते," ते पुटपुटले.

"मी यंत्राच्या तोंडून म्हणालो होतो," राजा म्हणाला.

"ज्याने घडवलं त्याचंच तोंड त्याला, महाराज. दुसरं कुठून आणू?" चिमा म्हणाली.

राजाला हसू आवरेना. "बरं, पुढचा शोध कसला लावायचा, तेही तूच सांग."

"घंटा वाजल्यावर कोतवाल विचार कसा करेल, याचा."

राजा हसून हसून गादीवर आडवा झाला. सटवाजी सुटला. यापुढे प्रत्येक नवं यंत्र आधी चिमाने तपासायचं, असा हुकूम निघाला. तिचा पगार कोतवालाच्या पगारातून.