फियाटमधला गारवा

“मग बसत का नाही उस्ताद? काय कमी आहे, ते तरी सांगा.”

मल्लिनाथ बिराजदारनं गाडीचं पुढचं दार सताड उघडून धरलं होतं. आतला गारवा बाहेर सांडत होता आणि त्याचा जीव तुटत होता.

इलाही उस्ताद कडुलिंबाच्या सावलीत उभे होते. त्यांनी दाराकडं पाहिलं, मल्लिनाथकडं पाहिलं…

“दार लाव,” ते शेवटी म्हणाले. “गार जातंय.”

सोलापुरातलं वैशाखाचं ऊन. फरशीवर अनवाणी पाय ठेवला तर फोड यावा. अशा दुपारी मल्लिनाथच्या अंगणात त्याच्या वडलांची जुनी फियाट सुरू होती, काचा वर चढवून. मागच्या सीटवर त्याची आई आत्ताच येऊन मांडी घालून बसली होती. तिला तो अव्वा म्हणे.

त्या गाडीला मुळात एसी नव्हता. मल्लिनाथनं तो घरच्या घरी बसवला. मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा कॉम्प्रेसर आणला, त्याला इंजिनाशेजारी बसवायला लोखंडी टेकू घडवला, रेडिएटरपुढं कंडेन्सरची जाळी उभी केली, डॅशबोर्डखाली कूलिंग कॉइल लटकवली. दारांना नवं रबर लावलं. मुंगी शिरेल एवढीही फट ठेवली नाही. अख्खी गल्ली येऊन आत हात घालून गेली, आणि मल्लिनाथ दारात उभा राहून प्रत्येकाचं तोंड बघत राहिला.

पण गल्लीच्या कौतुकानं कुणी मिस्त्री होत नाही. उस्तादांच्या गॅरेजात रीत होती. शागिर्दानं स्वतःच्या हातानं केलेली गाडी उस्तादांना दाखवायची. उस्ताद तिच्यात बसून एक फेरी मारून आले, की तो मिस्त्री; मग त्यानं खुशाल आपली पाटी लावावी. बसले नाहीत, तर ब्र न काढता पुन्हा गॅरेजात पाने पुसायला लागायचं.

मल्लिनाथची पाटी रंगवून झाली होती. घरात भिंतीकडं तोंड करून ठेवली होती.

“इंजिन तापणार नाही उस्ताद. पंखा मोठा टाकलाय. पट्टा बघा, कसा ताणून बसलाय.”

“दिसतोय.”

“गॅस गळत नाही. साबणाचा फेस लावून एकेक जोड बघितलाय.”

“हं.”

“परवा अव्वाला अक्कलकोटला नेऊन आणली. येताना पोरासारखी गाढ झोपली! घर आलं तरी उठेना. असली गार हवा!”

उस्तादांनी मान वर केली.

“उठेना?”

“हलवून उठवली की. उद्या विजापूरला न्यायचीय, बहिणीकडं. आता बाई बसमध्ये बसायलाच तयार नाही.”

उस्तादांनी गाडीखाली टपटप पडणाऱ्या पाण्याकडं बोट दाखवलं.

मल्लिनाथचा चेहरा फुलला. हेच तर त्याला दाखवायचं होतं.

“तेच की! पाणी पडतंय म्हणजे कॉइल गार होतीय. तळाला भोक पाडून नळी खाली सोडलीय.”

“नळी करंगळीएवढी दिसती. भोक केवढं?”

“अंगठा जाईल एवढं. ड्रिल सरकलं जरा. पण खालनं कोण बघतंय उस्ताद?”

“पाणी खाली येतंय. वर काय जातंय?”

“वर काय जाणार बे…” जिभेवर आलेला सोलापुरी ‘बे’ त्यानं अर्ध्यात गिळला. “म्हणजे… वर काय जाणार उस्ताद? काहीच नाही.”

“उदबत्त्या आण. पळ.”

मल्लिनाथला हायसं वाटलं. पूजा! पूजा झाली, की उस्ताद बसणार. तो देवघरात पळाला आणि पुडा, काडेपेटी, हळदकुंकू, नारळ, सगळंच घेऊन आला.

उस्तादांनी नारळाकडं ढुंकून पाहिलं नाही. मूठभर उदबत्त्या एकदम पेटवल्या, फुंकून ज्योत विझवली, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस पांढऱ्या सदऱ्यानिशी तापल्या फरशीवर आडवा झाला. उदबत्त्यांचा हात गाडीखाली गेला.

“अहो उस्ताद!” मल्लिनाथला हसू आवरेना. “गाडीची पूजा पुढनं करतात. सायलेन्सरला कसलं ओवाळताय?”

इंजिन गुरगुरत होतं. धूर जमिनीलगत पसरला… आणि कुणी ओढून घ्यावा तसा वर वळला.

मागच्या काचेवर टकटक झाली. आतून अव्वा हसत होती.

“मल्ल्या!” ती काचेआडून ओरडली. “लई झ्याक केलंस बघ! चंदनाचा वास पण सोडलास होय रे आत?”

मल्लिनाथचं हसू चेहऱ्यावर होतं तिथंच राहिलं.

काचा बंद. दारांना नवं रबर. मुंगीलाही फट नाही…

त्यानं वाकून काचेतून पाहिलं. डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ निघत होती. गार हवेच्या झोतात सापडून ती मागं जात होती, थेट अव्वाच्या तोंडापर्यंत. अव्वानं डोळे मिटले होते. ती तो वास छातीभर ओढून घेत होती.

दाराची कडी त्याच्या हाताला सापडेना. सापडली. त्यानं इंजिन बंद केलं आणि अव्वाला काखेत धरून जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं.

“अरे, अरे! साप निघाला का काय? चांगलं गार लागत होतं की मेल्या!”

तो उत्तर द्यायला थांबला नाही. उस्तादांच्या शेजारी जमिनीवर पडून त्यानं गाडीखाली डोकं घातलं.

सायलेन्सरच्या पाइपाचा जुना जोड समोरच होता. जोडाभोवती गळत्या धुराची काजळी धरली होती. त्याच्या बरोबर वर, त्यानं स्वतः पाडलेलं भोक. भोकातून आत पाहिलं, तर सीटचं फुलाफुलांचं कापड दिसत होतं.

“चंदनाला वास आहे, म्हणून तिला कळलं,” तो म्हणाला. “इंजिनाच्या धुरातल्या विषाला तर वासच नसतो उस्ताद…”

उस्तादांनी उदबत्त्या फरशीवर दाबून विझवल्या.

वर अव्वा आपल्याच नादात सांगत होती, “परवा मात्र डोकं लई चढलं होतं मला. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला गार हवेची सवय नाही. तुला कशाला सांगा? एवढा खुशीत होतास…”

मल्लिनाथ गाडीखालीच पडून राहिला.

अक्कलकोट जवळ होतं. विजापूर लांब होतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. त्यानं पाना उचलला.

“उपटून टाकतो उस्ताद. कॉइल, कॉम्प्रेसर, सगळं. पाटी चुलीत घालतो. आजपासून पाने पुसायला येतो… ठेवून घेणार असाल तर.”

उस्ताद सावकाश उठले. गाडीला वळसा घालून त्यांनी एकेक काच फिरवून खाली केली. भट्टीसारखं गरम वारं आत शिरलं. मग पुढचं दार उघडून ते सीटवर बसले. दार ओढून घेतलं.

मल्लिनाथच्या हातातला पाना फरशीवर पडला.

“उस्ताद… आत्ता? अहो, जोड तसाच आहे. भोक तसंच आहे. मघाशी एवढं दार उघडून धरलं होतं, तेव्हा नाही बसलात!”

उस्तादांनी सीटवर पाठ टेकली.

“किल्ली लाव,” ते म्हणाले. “मघाशी गाडीत तूच भरून होतास, मला जागा नव्हती.”