घोरणारं स्थळ नको

कॉम्प्युटरचे भाग आपसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. एका डब्यातला, सगळ्यांना वीज पुरवणारा म्हातारा पॉवर सप्लाय इतका घोरायचा की शेजारच्या हार्ड डिस्कला काही आठवेना. शेवटी कर्त्या मदरबोर्डबाईंनी त्याच्या जागी नवी स्थळं बघायला घेतली.

पहिलं स्थळ जाडजूड आणि साधं होतं. "घोरता का हो?" बाईंनी विचारलं.

"काम वाढलं की पंखा जोरात फिरतो. तेवढा आवाज होणारच."

"मग नको!"

दुसरं स्थळ अगदी हलकं, अंगावर हजार वॅटचं चकचकीत लेबल. "मी पंखाच ठेवत नाही. कितीही काम द्या, ब्र काढणार नाही."

बाईंनी तिथेच होकार दिला.

संध्याकाळी ग्राफिक्स कार्डाने गेम लावला. नवे जावईबापू तापत गेले, तरी गप्पच राहिले. मग एकदाच बोलले, "फट्ट!"

धुरात खोकत बाईंनी हार्ड डिस्कला विचारलं, "अगं, त्या पहिल्या, घोरणाऱ्या स्थळाचं कुठे जमलंय का गं?"