नाथाने जोडी काढली

बोरखळी गावात नाथा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलं तेवढं करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं तर दाराकडेच बघत बसायचा. चोर खिडकीतून आला तरी मान वळवायचा नाही. त्यामुळे त्याचं कुठलंच काम टिकलं नाही. बायको चंद्रा केरसुण्या वळून घर चालवी.

त्या वर्षी गावात इंग्रजी शाळा निघाली. शाळेला शिपाई हवा होता. मुख्याध्यापकांनी कळवलं, की शाळेतल्या चिठ्ठ्या इंग्रजीत असतात. वस्तू कुठे ठेवायची, एवढं तरी शिपायाला वाक्यातून ओळखता आलं पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशी तशी परीक्षा होईल.

चंद्रा दहावीपर्यंत शिकलेली. नवऱ्याला ही नोकरी लागली तर घराला आधार होईल, म्हणून तिने स्वतःच त्याला शिकवायला घेतलं.

ती म्हणाली, "आपण 'टेबलावर' म्हणतो. आपला 'वर' नावाच्या मागून येतो. इंग्रजीत उलटं. 'ऑन द टेबल.' 'ऑन' हा बारका शब्द आधी, टेबल हे नाव नंतर. लक्षात ठेवा, बारका आधी, नाव मागून."

नाथाने ते पाठ केलं. दुसऱ्या दिवशी तो पाटी आणायला नदीपलीकडे निघाला. काठाला नाव लागली होती. नावाडी म्हणाला, "बस." नाथा अंगाने बारका. त्याने मनाशी म्हटलं, बारका आधी, नाव मागून. तो नावेला वळसा घालून पुढे गेला आणि पाण्यात चालू लागला. पाणी गळ्याशी आल्यावर त्याने मागे वळून नावाड्याला सांगितलं, "आता तुम्ही या."

नावाड्याने त्याला बखोटीला धरून घरी पोचवलं.

चंद्राने त्याचं डोकं पुसलं. नाव म्हणजे होडी नव्हे, वस्तूचं नाव, हे समजावलं. मग म्हणाली, 'ऑन', 'इन', 'अंडर' असा बारका शब्द दिसला की त्याच्या पुढचं नाव धरायचं. ती झाली जोडी. जोडी दिसली की कंसात टाकायची.

"कुठलीही जोडी?" नाथाने विचारलं.

"दिसेल ती."

गावात भैरू नावाचा एक दांडगा माणूस होता. जत्रेच्या सोंगात तो दरवर्षी कंस व्हायचा, म्हणून सारा गाव त्याला कंसच म्हणे. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी पेरणीसाठी धाडलेली बैलजोडी नाथाच्या अंगणात आली. नाथाला जोडी दिसली. ती कंसात टाकणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने ती कंसाच्या परसात नेऊन टाकली.

बैलांनी परसातला भोपळ्याचा सगळा वेल खाल्ला. भैरू अर्धा भोपळा हातात घेऊन चंद्राच्या दारात आला. चंद्राने त्याची माफी मागितली आणि नव्या केरसुण्या देऊन त्याला वाटेला लावलं. मग ती कपाळाला हात लावून चुलीपुढे बसली. नाथालाही वाईट वाटलं. तो हळूच म्हणाला, "कंसाला आवडलं नाही वाटतं."

चंद्रा हसली. म्हणाली, कंस राहू दे. आता सोपं सांगते. वाक्यातली जोडी ओळखायची आणि काढून टाकायची. ती काढली तरी बाकीचं वाक्य जागचं हलत नाही.

"हलत नाही?"

"नाही हलत. तीच तर खूण."

उद्घाटनाचा दिवस उजाडला. शाळेपुढे मांडव घातला होता. आत सरपंच, पाहुणे, गावकरी दाटीने बसले होते. मुख्याध्यापकांनी मांडवाच्या तोंडाशी फळा ठेवला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, 'द गेस्ट्स सिट अंडर द टेन्ट.' म्हणजे पाहुणे मांडवाखाली बसतात. यात कुठे बसतात ते सांगणारे शब्द कोणते, असं त्यांनी नाथाला पुढे बोलावून विचारलं.

नाथाने फळ्यावर बोट फिरवलं. 'अंडर'पाशी थांबला. बारका सापडला. पुढे नाव होतं, टेन्ट.

"अंडर द टेन्ट," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. बायकांत बसलेल्या चंद्राने पदर डोळ्याला लावला. मुख्याध्यापकही खूश झाले. म्हणाले, "शाब्बास. आता ते काढून टाका आणि राहिलेलं वाक्य वाचा." त्यांनी फळा पुसायचं फडकं पुढे केलं.

नाथाने फडकं घेतलं नाही. नमस्कार करून तो मांडवाबाहेर गेला. एकेक दोरी सोडत त्याने मांडवाला फेरी घातली. लोकांना वाटलं, काही आणायला गेला असेल. मग त्याने बांबू ओढले.

अख्खा मांडव सरपंचांवर, पाहुण्यांवर आणि हारतुऱ्यांवर येऊन बसला. कापडाखाली नुसती डोक्यांची टेंगळं दिसू लागली. त्यातलं एक टेंगूळ हललं आणि मुख्याध्यापकांच्या आवाजात विचारू लागलं, हे काय चाललंय.

नाथाने फळ्यावरून खणखणीत वाचलं, "द गेस्ट्स सिट."

मग टेंगळाजवळ वाकून तो आदबीने म्हणाला, "बरोबर आहे, साहेब. पाहुणे बसलेलेच आहेत. कुणी जागचं हललं नाही."

साहेबांनी आतल्या आत पुष्कळ विचार केला. उत्तरात चूक काही सापडेना. शेवटी त्यांनी कापडाखालूनच नोकरी देऊन टाकली.