आरोग्यशालेच्या दारातला प्रश्न

फार पूर्वी वाराणसीला ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या टोकाला नदीकाठी एक लहानसा प्रांत होता. राजधानी दूर म्हणून राजाने तिथला कारभार तिथल्याच लोकांवर सोपवला होता. लोक मैदानात जमत, लाकडी शलाका टाकून आपला नायक निवडत आणि मोठे निर्णयही तसेच घेत. तांबडी शलाका होकाराची, पांढरी नकाराची. त्या जन्मी बोधिसत्त्व तिथल्या एका वैद्यकुळात जन्मला होता आणि पुढे प्रांताचा आरोग्य-अमात्य झाला होता. त्याचे नाव सुनेत्र.

गावाच्या वेशीशी एक आरोग्यशाला होती. तिथली एक रीत होती. दारात आलेल्याला आधी दगडी बाकावर बसवायचे, कडुनिंबाच्या कोमट पाण्याने त्याचे पाय धुवायचे आणि विचारायचे, "काय होतंय?" नाव, गाव, जात सगळे नंतर. सुनेत्राचे वडील म्हणत, "माणूस तोंडानं दुखणं लपवतो, पायानं नाही." पायावरची सूज, भेगा, ऊब यांवरून निम्मा आजार दारातच कळे. त्या मुलखात गारपायाचा ताप म्हणून एक वाईट दुखणे होते. कपाळ तव्यासारखे तापायचे आणि पाय मात्र हिवाळ्यातल्या दगडासारखे गार पडायचे. पहिल्या दिवसांत ओळखला तर कडू काढ्याने तो उतरे. नाही ओळखला तर घरेच्या घरे आडवी होत. दारात पाय धुण्याची रीत पडल्यापासून तो ताप गावात कधी पसरला नव्हता. पण जे घडले नाही ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

नंदिघोष हा सुनेत्राचा लहानपणापासूनचा मित्र. तो मनाचा मऊ होता. गावात कुणाकडे पाळणा हलला, कुणाची म्हैस व्याली, त्याला आधी ठाऊक. एकदा सुमना नावाच्या बाईचे तान्हे मूल आरोग्यशालेच्या रांगेतच दगावले. त्या दिवशी मीठ घेऊन आलेल्या तांड्यांची गर्दी होती, वैद्य थोडे होते आणि सुमनाची पाळी आलीच नाही. ते चिमुकले प्रेत नंदिघोषाने स्वतःच्या हातांवर नदीपर्यंत नेले. परत आला तो रडतच मैदानातल्या चौथऱ्यावर चढला आणि म्हणाला, "आपली लाकडं, आपलं पाणी, आपले वैद्य, आणि आपलंच लेकरू रांगेत मरतं!"

लोकांच्या अंगावर काटा आला. त्याच्याभोवती माणसे जमली. प्रत्येक घोषणेआधी ती नगारा वाजवीत, म्हणून लोक त्यांना डंकेवाले म्हणू लागले. पुढच्या निवडीत तांबड्या शलाकांचा ढीग पडला आणि नंदिघोष नायक झाला.

सुनेत्र त्याला भेटायला गेला. म्हणाला, "नंदी, तुझं दुःख खरं आहे. माझंही तेच आहे. पण रांग लांब होते ती खाटा आणि हात कमी आहेत म्हणून. नदीपलीकडे दुसरी शाला बांधू. माणसं शिकवून तयार करू."

"त्याला किती काळ लागेल?"

"दोन पावसाळे तरी."

"दोन पावसाळे!" नंदिघोष हसला. "अरे, लोकांना धीर कुठला? शाला दोन वर्षांनी दिसेल. डंका उद्या ऐकू येतो."

आणि दुसऱ्या दिवशी डंका वाजला. आरोग्यशाला यापुढे प्रांतात जन्मलेल्यांसाठीच. शिवाय गावातल्या घरोघरी दर बाजाराला नायकाकडून बलवर्धक लाडू. लाडवांवर नगाऱ्याचा छाप होता. लाडवांसाठी पैसा हवा म्हणून पाणी तापवायची लाकडे बंद झाली. लाडू घरी येत असल्यावर कशाला कोण दारात पाय धुवून घ्यायला जातो? दगडी बाक कोरडा पडला आणि त्याच्याशेजारी चिरक नावाचा एक भला माणूस द्वारपाल म्हणून उभा राहिला. त्याला एकच प्रश्न शिकवला होता, "तुम्ही कुठले?"

नंदिघोषाने सुनेत्राला बोलावून घेतले. "तू त्या दारात बस. तू बसलास की लोकांना पटेल. मी तुला उपनायक करतो. नदीकाठचं ते मोठं घरही तुझं."

सुनेत्राने अमात्यपदाची मुद्रा बोटातून काढून मित्रासमोर ठेवली. म्हणाला, "दार तुझं आहे, तू लावलंस. दाराबाहेर बसायला तर तुझी मनाई नाही ना?"

"नाही," नंदिघोष खाली बघत म्हणाला.

तांडे उतरत त्या करंजाच्या झाडांखाली सुनेत्राने एक घंगाळ आणि एक पाट मांडला. सरपण तो स्वतः वेचून आणी. येईल त्याचे पाय धुई आणि विचारी, "काय होतंय?" बाजाराला जाणारे लोक थांबून टिंगल करीत. "काय अमात्य, आज किती मोठ्या घराण्यातले पाय?" "अहो, आमच्या बैलाच्या खुरांचं पण बघा की!" सुनेत्र म्हणे, "आणा बैल. लंगडतोय का?" मग तेच खजील होऊन पुढे जात.

नंदिघोषाच्या घरी उत्पला नावाची म्हातारी होती. ती त्याची दाई. त्याची आई बाळंतपणातच गेली होती. तेव्हा मिठाच्या एका तांड्यातून आलेल्या या बाईने त्याला अंगावर पाजले आणि मग ती कधी परत गेलीच नाही. तिचा तांडा केव्हाच पांगला होता. ती कुठली हे गाव विसरले होते. नंदिघोषही विसरला होता. तिला मात्र आठवत होते.

एका सकाळी तिला बरे वाटेना. काठी टेकत ती आरोग्यशालेच्या दारात गेली. चिरकाने नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, तुम्ही कुठल्या?"

"मिठाच्या तांड्यातली."

चिरक घाबरला. इकडेतिकडे बघून हळू म्हणाला, "अहो आजी, नायकांच्या घरची म्हणा की!"

"घरची तर आहेच रे. पण मी कुठली ते विचारलंस. या वयात खोटं कशाला बोलू? आणि माझ्यासाठी नियम वाकवलास तर लोक माझ्या लेकराला नावं ठेवतील. बस तू. तुझं काम तू केलंस."

आणि ती वळून, थांबत थांबत, करंजांखाली आली.

सुनेत्राने तिला पाटावर बसवले. लहानपणी नंदिघोषाबरोबर त्यानेही तिच्या हातची पेज खाल्ली होती. त्याने तिचा पाय हातात घेतला आणि त्याचे हात थांबले. पाय गार होता. कपाळाला हात लावला, तर ते तापलेले.

"आई, गेल्या काही दिवसांत कुणाकडे गेली होतीस?"

"कुठं जाणार मी? अंगण आणि विहीर. बायका येतात लाडू खात, गप्पा मारतात."

तांड्यांतल्या माणसांचे पाय सुनेत्र रोज धूत होता, त्यांत हा ताप नव्हता. ताप गावात होता. जिथे कुणीच पाय धुवत नव्हते तिथे, विहिरीवर आणि अंगणांत, तो गुपचूप फिरत होता. त्याने म्हातारीला काढा पाजला, वेगळ्या चटईवर निजवले आणि नंदिघोषाकडे निरोप धाडायला निघाला. तिने त्याचा हात धरला.

"त्याला नको सांगूस, सुनेत्रा. त्याचा शब्द खाली पडेल."

"आई, दारात तू खोटं बोलली नाहीस. मग मला का लपवायला लावतेस?"

म्हातारीने डोळे मिटले. मग म्हणाली, "बरं. पण रागावून सांगू नकोस."

नंदिघोष पालखी घेऊन धावत आला. मागे डंकेवाले होते, त्यांच्या मागे निम्मे गाव. तो चटईशी बसला. "आये, दारातून परत आलीस? त्या चिरकाला मी बघतो! उठ, पालखीत बस. तुला कोण अडवतं तेच बघू."

"त्याला काही बोलू नकोस. तू शिकवलंस तेच त्यानं विचारलं," उत्पला म्हणाली. मग तिने पलीकडे बोट केले. तिथे तांड्यातली एक दिवस भरलेली पोर करंजाला टेकून कण्हत बसली होती. तिचे पाय सुजून टच्च झाले होते. "ही माझ्या आधी आली आहे. हिला नेतोस का पालखीत?"

नंदिघोषाने डंकेवाल्यांकडे पाहिले.

"नाही ना? मग मलाही रांग मोडून नको नेऊस, बाळा. रांगेत लेकरू गेलं म्हणून तर तू त्या दिवशी रडलास. मी तुला पाजलं तेव्हा कुणी मला विचारलं नाही, तू कुठली. तुला भूक लागली होती एवढंच पाहिलं."

रागावून सांगू नकोस, असे सुनेत्राला सांगितले होते, आणि रागही आता उरला नव्हता. त्याने फक्त घंगाळ मित्रापुढे सरकवले. नंदिघोषाने जन्मात पहिल्यांदा त्या म्हातारीचे पाय हातात घेतले. कोमट पाण्यातही ते गारच राहिले.

"सुनेत्रा, हे... हे पाय..."

"होय. आणि असे पाय गावात किती घरांत आहेत ते मला सांगता येत नाही. कुणी धुतलेच नाहीत."

नंदिघोष उठला. डंकेवाल्यांपैकी एकाने त्याची बाही ओढली. "नायक, घरी चला. इथं काही बोलू नका. लोक हसतील. पुढच्या शलाका पांढऱ्या पडतील."

नंदिघोषाने त्याच्या हातून टिपरू घेतले आणि नगारा स्वतः वाजवला. लोक जमले तसा तो म्हणाला, "मी चुकलो. गारपायाचा ताप गावात आला आहे. तो बाहेरून आणलेला नाही. आपण आपले पाय बघायचं सोडलं, म्हणून तो दिसला नाही. दार उघडा. लाडू बंद, लाकडं चालू. सगळ्यांनी रांगेत या, जो आधी येईल तो आधी."

कुणी हसले नाही. मात्र मागून एक आवाज आला, तीक्ष्ण आणि ओला. ती सुमना होती.

"माझं लेकरू गेलं तेव्हा कुठं होते हे पाय धुणारे?"

सगळे सुनेत्राकडे बघू लागले. त्याने उत्तर टाळले नाही. "तिथंच होतो, बाई. त्या दिवशी माझे हात कमी पडले. ते मी विसरलेलो नाही. पण मग हात वाढवायचे सोडून आम्ही दारात येणारी माणसं कमी केली. त्यानं तुझं लेकरू परत आलं का?"

सुमना पदर खोचून पुढे आली. कण्हणाऱ्या त्या पोरीसमोर मांडी घालून बसली आणि तिचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन म्हणाली, "कोणीतरी पाणी आणा की गरम. नुसते बघत काय बसलात?"

त्या दिवसापासून दगडी बाक पुन्हा ओला झाला. गारपायाच्या तापाने काही घरांतले दिवे विझवले. पण बहुतेक घरे वाचली. तांड्यातली पोर सुखरूप बाळंत झाली. उत्पलेच्या पायांत हळूहळू ऊब आली. सुमनाने आणि आणखी काही बायकांनी काम शिकून घेतले, आणि दोन पावसाळ्यांनी नदीपलीकडे दुसरी शाला उभी राहिली.

तोवर नंदिघोष नायक राहिला नव्हता. पुढच्या निवडीत खरोखरच पांढऱ्या शलाका जास्त पडल्या. लाडू बंद केल्याचा राग लोकांच्या मनातून गेला नव्हता. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा उत्पला म्हणाली, "बरं झालं. आता त्या नगाऱ्याशिवाय झोप तरी लागेल." दुसऱ्या दिवशी पहाटे तो आरोग्यशालेच्या दारात चिरकाशेजारी जाऊन बसला. पहिला रोगी आला तसे त्याने घंगाळ पुढे ओढले आणि विचारले, "काय होतंय?"

सुनेत्राला मुद्रा परत मिळाली होती. पण सकाळच्या वेळी तो अजूनही बाकाजवळच सापडे, मित्राशेजारी.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट जेतवनात भिक्षूंना सांगितली, ती एका आजारी भिक्षूच्या अंथरुणापाशी बसून. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा द्वारपाल चिरक म्हणजे आताचा छन्न. लेकरू गमावलेली सुमना म्हणजे किसा गोतमी. जिने खोटे बोलून दार ओलांडले नाही ती दाई म्हणजे महाप्रजापती गौतमी. सुनेत्र अमात्य मी स्वतः होतो. आणि ज्याने आधी डंका वाजवला, मग पाणी तापवले, तो नंदिघोष म्हणजे हा आनंद."

आनंद तेव्हा दाराशी चूल फुंकत बसला होता. त्याने पाण्यात बोट घालून ऊब पाहिली आणि घंगाळ उचलून त्या भिक्षूच्या पायांशी आणून ठेवले.

ज्या मैत्रीला दारात कुणाचे गाव विचारावेसे वाटत नाही, त्या मैत्री-पारमितेची ही कथा.