चुंची आणि डुगडुगती थाळी

कपाटामागे राहायची एक चिचुंद्री. इवलीशी. नाव तिचं चुंची.

कपाटावर होती गाण्याची पेटी. पेटीत एक थाळी. थाळी फिरायची गरगर गरगर. वर काळी तबकडी गायची गाऽई गाऽई. ते ऐकत पाळण्यातलं मनवाबाळ झोपायचं.

एकदा चुंची थाळीवर चढली. नाचली थुईथुई. उडी मारली धप्प!

थाळी कलली. डुगडुग डुगडुग! गाणं झालं वाकडं. आँऽव आँऽव! मनवाबाळ दचकलं. रडायला लागलं. ट्यांहां ट्यांहां!

चुंचीचं तोंड एवढंसं झालं.

नवी थाळी कुठून आणणार? चुंचीकडे होतं भाताचं एक शीत. तिने ते थाळीखाली चिकटवलं. थाळी आणखीच डुगली!

थाळी म्हणाली, "नुसतं चिकट केलंस! मला खाली रबराची चकती हवी. मग फिरेन सरळ."

चुंची निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. दाराशी होती जुनी रबरी चप्पल.

"चप्पलआजी, चप्पलआजी! थाळी सरळ फिरेना, मनवाबाळ झोपेना. एक चकती दे ना!"

"अगंबाई! थाळी डुगवलीस? आमच्या वेळी नव्हतं हो असं! जा, कातरीला विचार. ती कापेल, तर देईन."

चुंचीने मान खाली घातली. निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"कातरमावशी, कातरमावशी! चप्पल चकती देईना, थाळी सरळ फिरेना, मनवाबाळ झोपेना. जरा काप ना!"

"नाचायला कोणी सांगितलं होतं? मी बाई बोथट. जा, दगडाला विचार. तो धार लावेल, तर कापीन."

चुंचीने मान खाली घातली. निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"दगडआजोबा, दगडआजोबा! कातर चप्पल कापेना, चप्पल चकती देईना, थाळी सरळ फिरेना, मनवाबाळ झोपेना. जरा धार लावा ना!"

"हं! आजकालची पोरं! मी कोरडा ठणठणीत. जा, माठाला विचार. तो पाणी देईल, तर लावीन."

चुंचीने मान खाली घातली. निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"माठकाका, माठकाका! दगड धार लावेना, कातर चप्पल कापेना, चप्पल चकती देईना, थाळी सरळ फिरेना, मनवाबाळ झोपेना. थोडं पाणी द्या ना!"

माठकाका म्हणाले, "आधी सांग. थाळी डुगवली कोणी? मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू दे."

चुंचीचं नाक लाल लाल. कान गरम गरम. शेपटीमागे लपावंसं वाटलं.

तेवढ्यात पाळण्यातून आलं, ट्यांहां ट्यांहां!

चुंची ताडकन उभी राहिली.

"मी डुगवली! मी, मी, मी! मला लाज वाटते. खूप वाटते! पण बाळ रडतंय ना! आणि तुम्ही एवढे मोठे, नुसते बसून बोलताय!"

चप्पल खाली बघे. कातर वर बघे. दगड भिंतीकडे वळला. माठकाकांना तर दरदरून घाम फुटला.

टप टप टप!

माठाने दगड भिजवला. दगडाने धार लावली, खस्स खस्स. कातरीने चप्पल कापली, कचक कचक. चपलेने चकती दिली. चुंचीने ती थाळीखाली सरकवली, हळू... हळू...

थाळी फिरली गरगर गरगर. सरळ सरळ! तबकडी गायली गाऽई गाऽई. मनवाबाळाने एक मोठी जांभई दिली. झोपलं.

चुंची कोपऱ्यात उभी. नाक अजून लालच.

चप्पलआजी पुटपुटली, "ये गं चुंचे. दमलीस. मीही उगाच बोलले. नीज माझ्यावर. हे भोक पडलंय ना, इथे शेपूट ठेव."

चुंचीने भोकात शेपूट ठेवलं. अंगठ्याशी डोकं टेकवलं. डोळे मिटले.

थाळी फिरते गरगर, गोष्ट निजली भरभर!