हात पुढे कर

“…म्हणजे भाषांतर तर तुम्ही नीट केलंत ना, साहेब?”

शांतवन आमोलिकनं शेवटी विचारलंच.

“शब्दन् शब्द.”

“मग एकानंही ‘आमेन’ का म्हटलं नाही?”

देवळाबाहेरच्या आंब्याखाली चटई अंथरली होती, तिच्यावर मांडी घालून उबाळे साहेब बसले आणि धोतराच्या सोग्यानं मानेवरचा घाम टिपत राहिले.

आफ्रिकेत, मलावीतल्या डोंगरातलं हे खेडं. कच्च्या विटांचं, गवतानं शाकारलेलं ख्रिस्ती देऊळ, आणि मंडळी म्हणाल तर मूठभर. बहुतेक बायकाच. उबाळे साहेब तरुणपणी इकडच्या बायबल शाळेत शिकवायला होते, त्यामुळे इथली चिचेवा भाषा त्यांना घरच्यासारखी येई. आता पाळकपणातून निवृत्त झाल्यावर जुन्या मंडळ्यांना एकदा भेटून यावं म्हणून ते निघाले, तेव्हा त्यांनी शांतवनला बरोबर घेतलं.

शांतवन त्यांचाच शिष्य. पण आता गुरूपेक्षा त्याचं नाव मोठं झालं होतं. नगरपासून जालन्यापर्यंत कुठेही विश्वास पुन्हा जागवणारी उज्जीवन सभा असली की लोक आधी विचारत, आमोलिक येणार आहेत ना? तो बोलायला उभा राहिला की मांडव हलायचा.

इथे काहीच हललं नव्हतं.

“विषय चुकला का?”

“नाही.”

“दुःखात देव कसा धीर देतो, हेच तर सांगितलं. हाच संदेश आपल्याकडे दिला तेव्हा माणसं ढसाढसा रडली होती, साहेब.”

“हो. मी होतो तिथे.”

“मग?”

साहेबांची नजर देवळाच्या दाराकडे गेली.

शांतवनला सकाळचा प्रसंग आठवला. उपासना सुरू होण्याआधी मंडळीतली सर्वांत वयस्कर बाई उठून त्याच्यासमोर आली होती. नाव नासिबेको, पण सगळे तिला आगोगो म्हणत, म्हणजे आजी. पाहुण्याची घरची खबर घेतल्याशिवाय या देवळात गाणं सुरू होत नसे.

“घरी कोण कोण?” तिनं विचारलं होतं. साहेबांनी मराठीत सांगितलं.

“मी आणि बायको. प्रभूच्या कृपेनं सगळं ठीक आहे.”

“मुलं?”

“साहेब, आपण शास्त्रभाग वाचायला घेऊ या का?”

एवढंच झालं होतं. म्हातारीनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि ती आपल्या चटईवर जाऊन बसली होती.

आता जेवणाची वेळ झाली. दोन बायकांनी मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे पांढरे गोळे, भोपळ्याच्या पानांची भाजी आणि पाहुण्यांसाठी मुद्दाम कापलेली कोंबडी आणून ठेवली. मागून आगोगो आली. पाहुण्यांचे हात धुवायला एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात पाण्याचा जग.

घमेलं खाली ठेवून ती शांतवनसमोर गुडघ्यांवर बसली. जग तिरका करून थांबली.

शांतवन गडबडून उठला. “अहो, हे काय! साहेब, त्यांना सांगा, असं नको. माझ्या आजीच्या वयाच्या आहेत त्या. आणा इकडे, मीच त्यांच्या हातावर पाणी घालतो.”

त्यानं जग तिच्या हातातून काढून घेतला.

चटईवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला.

उबाळे साहेब उठले. त्यांनी शांतवनच्या हातातला जग घेतला आणि परत आगोगोच्या हातात ठेवला. मग शांतवनचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

“हात पुढे कर.”

“पण साहेब, मी सेवा करायला आलोय. करून घ्यायला नाही.”

“हात पुढे कर, शांतवन.”

त्यानं हात पुढे केले.

पाणी विहिरीचं होतं. गार. म्हातारी घाईत नव्हती. तिनं एका हातानं धार धरली आणि दुसऱ्या हातानं त्याचे तळवे चोळले, मग एकेक बोट धुतलं, लहान मुलाचं धुवावं तसं. धुता धुता तिनं वर न बघताच काहीतरी विचारलं.

साहेब हळूच म्हणाले, “तेच विचारतेय. मुलं?”

शांतवननं हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. तिनं सोडला नाही.

“…होती,” तो म्हणाला.

साहेबांनी ते तिच्या भाषेत सांगितलं. आगोगोनं जग खाली ठेवला. त्याचे ओले हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरले आणि ती नुसती थांबली.

“मुलगी होती,” शांतवन म्हणाला. “गेल्या वर्षी झाली. श्वासच नीट घेता येईना तिला. बाप्तिस्म्याचा झगा शिवून तयार होता हो… माझ्या बायकोनं, सुनीतीनं शिवला होता, गळ्याला लेस लावून. तो अजून कपाटात आहे. मला ते कपाट उघडता येत नाही. दफनविधी झाला आणि पुढच्याच रविवारी मी संदेश द्यायला उभा राहिलो. लोक म्हणाले, काय विश्वास आहे या माणसाचा! मी पण तेच म्हणत राहिलो. सुनीती त्या दिवसापासून देवळात येत नाही. मी बोलायला लागलो की ती उठून आत जाते. आणि मी… मी बोलतोच आहे…”

तो हे सगळं मराठीत बोलला.

साहेबांनी भाषांतर केलं नाही.

आगोगोनं आपल्या लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडाचं टोक ओढलं आणि त्याचे डोळे पुसले. ते पुन्हा भरले. तिनं पुन्हा पुसले. मग शांतवन आमोलिक, ज्याच्या आवाजानं मांडव हलायचे, तो त्या परक्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकवून हुंदके देऊन रडला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

बायका एकेक करून जवळ सरकल्या. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कुणी नुसतीच शेजारी टेकली. एकीनं खालच्या पट्टीत सूर धरला. त्या गाण्याला शब्द नव्हते. बाकीच्यांनी तो सूर उचलला आणि मग सगळ्यांच्याच गालांवरून पाणी वाहू लागलं.

ताटातलं जेवण गार झालं.

बऱ्याच वेळानं आगोगोनं उकडीचा एक तुकडा मोडला, बोटांनी वळला, भाजीत बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला. तो निमूटपणे खाल्ला त्यानं. मग दुसरा. मग तिसरा मागून घेतला.

निघताना ती देवळाच्या दारापर्यंत आली आणि साहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणाल्या?” शांतवननं विचारलं.

“पुढच्या खेपेला बायकोला घेऊन ये म्हणतेय.”

शांतवन वळून तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचं विसरून गेली.

पुढचं गाव टेकडीपलीकडे होतं. तिथली माणसं दुपारपासून वाट बघत असणार. दोघं पायवाटेला लागले. उन्हं कलली होती, मक्याची शेतं वाऱ्यानं सळसळत होती. निम्मी चढण संपली.

मग शांतवन थांबला.

“साहेब, पुढे तुम्हीच बोला.”

“का रे?”

“संदेश पाठ होता. आता एक ओळ आठवत नाही. माझ्याजवळ त्यांना द्यायला काही म्हणजे काही उरलेलं नाही…”

उबाळे साहेबांनी दम घ्यायला काठीवर हात टेकले. त्याच्या तोंडाकडे पाहून ते हसले, आणि चालू लागले.

“मग आज तूच बोल.”